मोहरीएवढी पृथ्वी: एका जिल्हा परिषद शाळेतल्या सूर्यमालेच्या धड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा लातूर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दामच देत नाही. सोयाबीन-तुरीचा मुलूख. विज्ञान शिकवणारे सर बीएस्सी, वनस्पतिशास्त्राचे. भूगोल एका मॅडमकडे. मी गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना विषयात मदत करणारा माणूस आहे आणि या शाळेत माझं जाणं-येणं असतं, तेवढ्यापुरता मी या प्रकरणात आहे. जे केलं ते त्या दोघांनी केलं.

सूर्यमाला आपल्या राज्याच्या पुस्तकांत तीन ठिकाणी येते. पाचवीला परिसर अभ्यासात, तेही पहिल्याच धड्यात. सहावीला सामान्य विज्ञानात, अगदी शेवटच्या धड्यात. सातवीला भूगोलात सुरुवातीलाच सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि ग्रहणं. वेळापत्रकात याचा अर्थ असा होतो की पाचवी-सातवीचा भाग जून-जुलैत येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आणि सहावीचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा आभाळ लख्ख असतं पण परीक्षा तोंडावर असते. तीन इयत्ता, तीन विषय, बहुतेक ठिकाणी तीन शिक्षक. आधीच्यानं काय शिकवलं हे पुढच्याला ठाऊक नसतं.

धड्यांतला मजकूर नीट वाचला तर चूक काढायला फारशी जागा नाही. ग्रह आठ दिलेत. प्लूटोला २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं बटुग्रहांत टाकलं, ते पुस्तकांत आलंय. क्रम बरोबर, परिभ्रमणाचे काळ बरोबर. मग बिघडतं कुठे, हे या शाळेत बऱ्यापैकी उघडं पडलं.

नेमकी अडचण

सातवीच्या घटक चाचणीत वर्ग उत्तम होता. ग्रहांची नावं क्रमानं, परिवलन-परिभ्रमणातला फरक, आकृती, सगळं चोख. त्यानंतर एका दुपारी सरांनी शाळेतला पृथ्वीगोल टेबलावर ठेवला. तीस सेंटिमीटर व्यासाचा, कडेला थोडा चेपलेला. एका मुलाच्या हातात मोसंबी दिली आणि म्हणाले, "पृथ्वी एवढी असली तर चंद्र या मोसंबीएवढा. कुठं धरायचा, सांग."

त्यानं गोलापासून वीतभर अंतरावर मोसंबी धरली. "इथंच राहतोय की सर. पुस्तकात बी इथंच हाय."

वर्गातल्या एकाही पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी, पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी. म्हणजे तीस पृथ्व्या एकीला एक लावून मांडाव्या एवढं अंतर. या गोलाच्या हिशोबानं मोसंबी नऊ मीटरवर जायला हवी. मुलगा मोसंबी घेऊन मागं सरकत गेला, दाराबाहेर गेला, व्हरांडा उतरून पायरीवर उभा राहिला, तेव्हा कुठं नऊ मीटर झाले. ३,८४,४०० हा आकडा त्याच पोरांनी पंधरा दिवसांपूर्वी उत्तरपत्रिकेत बरोबर लिहिला होता.

दुसरा प्रश्न चंद्राचा. अर्धा का दिसतो? उत्तर एका सुरात आलं: पृथ्वीची सावली पडते. तिसरा प्रश्न ऋतूंचा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हिवाळ्यात लांब. हेही एकमतानं.

तिन्ही चुका पुस्तकातल्या वाक्यांतून आलेल्या नाहीत, त्या चित्रांतून आल्यात. भिंतीवरच्या तक्त्यात आणि पुस्तकात ग्रह लग्नाच्या पंगतीसारखे ओळीनं, जवळजवळ बसलेले असतात. कक्षा तिरक्या नजरेनं काढलेल्या असतात म्हणून अंड्यासारख्या लांबट दिसतात, आणि त्या लांबट कक्षेत पृथ्वी कुठं जवळ, कुठं लांब हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. शब्द विसरले जातात, चित्र राहतं. चित्रकाराला मी दोष देणार नाही. वीस सेंटिमीटरच्या पानावर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचं अंतर खरं दाखवायचं म्हटलं तर पृथ्वी सूर्यापासून सात मिलिमीटरवरसुद्धा येत नाही, आणि खुद्द सूर्य मिलिमीटरच्या दशांशाहूनही बारीक होतो. असं चित्र छापणार कोण? पण छापील चित्रात हे मावत नाही, एवढं तरी धड्यानं मुलांना ठळकपणे सांगायला हवं. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांनी ते काम होत नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय म्हणजे तोंडी समजावून पुढं जायचं. नवोदय, शिष्यवृत्ती, सराव परीक्षा यांच्यात सरांना तोच सोयीचा होता आणि मॅडमचा कल सुरुवातीला तिकडेच होता. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: परीक्षेत हे कुणी विचारत नाही.

दुसरा, व्हिडिओ. शाळेत टीव्ही आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर जाता येतं. दोघांनी मिळून इंटरनेटवरचे काही व्हिडिओ पाहिले. बहुतेकांत ग्रह एकामागून एक सर्रकन समोर येतात आणि लघुग्रहांचा पट्टा म्हणजे दगडांची दाटी. रंग सुंदर, पण अंतराची चूक तीच, उलट हलत्या चित्रामुळं जास्त खरी वाटणारी.

तिसरा पर्याय मुख्याध्यापकांचा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोटर लावलेली फिरती सूर्यमाला करू. बक्षीस मिळण्यासारखी वस्तू. यात पोरांचे हात लागतात हे खरं, पण तयार होतं ते पुस्तकातलंच चित्र, फक्त चेंडूंचं.

सहलीचाही विषय निघाला. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केलेत, तिकडं नेऊ असं कुणीतरी सुचवलं. गुरुत्वीय लहरी पकडणारी ती वेधशाळा अजून उभी राहायचीय, आणि उभी राहिली तरी तिथं दुर्बिणीतून ग्रह दिसणार नाहीत. विषय तिथंच मिटला.

उरलं मैदान आणि आभाळ. दोन्ही फुकट, पण दोन्हींना वेळ लागतो. शेवटी मॅडम तयार झाल्या त्या ऋतूंच्या प्रश्नामुळं. सातवीच्या भूगोलात ऋतूंचा विषय दोन भागांत तोडलाय, मधल्या महिन्यांत मुलांनी सावलीची आणि दिनमानाची निरीक्षणं करावीत म्हणून. ही कल्पना पुस्तकाची, आणि ती उत्तम आहे. पण आजवर ती निरीक्षणं त्यांनी घेतली नव्हती. भाग दुसरा आला की तक्ता तयार उतरवून दिला जायचा. मुख्याध्यापकांनी होकार दिला तो 'उपक्रम' म्हणून, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायच्या अटीवर. अट स्वस्तात पडली.

पहिला निर्णय: एकच प्रमाण

मैदानावर सूर्यमालेची मांडणी करताना वाद झाला तो प्रमाणाचा. आकारासाठी एक प्रमाण आणि अंतरासाठी दुसरं घेतलं तर ग्रह छान दिसतात. सर अडून बसले की दोन्हींना एकच. १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. हिशोब सोपा, पोरं तोंडी करतात. सूर्य १४ सेंटिमीटर, पृथ्वी सव्वा मिलिमीटर.

"अहो सर, पोरांना पृथ्वी दिसणारच नसली तर ते मॉडेल कशाचं?" मुख्याध्यापक म्हणाले.

"दिसत नाही हेच तर दाखवायचंय," सर म्हणाले.

मला हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. वस्तू पोरांनी घरून आणल्या. सूर्य म्हणून लहानसं टरबूज. पृथ्वी आणि शुक्र म्हणून मोहरीचा एकेक दाणा, मंगळाला खसखस, बुधाला रव्याचा कण. गुरूला बोर, शनीला चिंचोका, युरेनस-नेपच्यूनला ज्वारीचे टपोरे दाणे. प्रत्येक दाणा पांढऱ्या कार्डावर डिंकानं चिकटवला, नाहीतर मैदानात पृथ्वी हरवली असती. एकदा हरवलीच.

टरबूज ध्वजस्तंभाजवळ ठेवलं. बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८. इथवर मैदान पुरलं. गुरू ७८ मीटरवर फाटकाबाहेर पडला. शनी १४३ मीटरवर, पाराजवळ. युरेनस २८७ मीटरवर ग्रामपंचायतीच्या पुढं, आणि नेपच्यून ४५० मीटरवर, ओढ्यावरच्या पुलाजवळ. मोजायला गवंड्याकडचा टेप आणि गाठी मारलेला सुंभ. जवळच्या ताऱ्याचं टरबूज कुठं ठेवायचं, असं एका पोरीनं विचारलं. त्याचं उत्तर चार हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी सव्वातीन हजार भरतं. म्हणजे दोन टरबुजांच्या मध्ये अख्खा देश मावून जागा उरते.

पारावर बसलेल्या एका आबांनी चिंचोका हातात घेऊन विचारलं, "ह्यो शनी म्हणायचा? मंग साडेसातीचं काय?" इथं सर काय करतात याकडे माझं लक्ष होतं, कारण असा प्रश्न आला की शिक्षक एकतर हसून उडवतात नाहीतर भाषण देतात. सरांनी उलटं विचारलं, "आबा, पंचांगात शनी एका राशीत किती राहतो?"

"अडीच वर्सं."

"आणि बारा राशी फिरायला?"

"तीस."

"आमच्या पुस्तकात साडेएकोणतीस दिलंय." पोरं टकामका बघत राहिली. आबा खूश झाले, मग म्हणाले, "आन मंग तेचा तरास व्हतोय ते?" सर म्हणाले, "ते मोजून कुणाला सापडलं नाही, आबा." एवढ्यावर सोडून दिलं. पंचांगाचं गणित खरं आणि फळ खोटं, हे दोन्ही पोरांनी एकाच वेळी ऐकलं.

एक गोष्ट मात्र निसटली. आतले चार ग्रह मैदानात चार दिशांना उभे केले होते, पण बाहेरचे चारही एकाच रस्त्यावर, कारण तोच रस्ता सरळ होता. परिणाम पुढं येतोच.

दुसरा निर्णय: चंद्र अंधाऱ्या खोलीत की उन्हात

चंद्राच्या कलांसाठी आधी नेहमीचा प्रयोग केला. खोलीत अंधार, एक बल्ब, प्रत्येकाच्या हातात चेंडू, आणि स्वतःभोवती फिरायचं. प्रयोगाच्या पुस्तकांत हा असतोच. बल्बकडे पाठ झाली आणि एका पोराच्या डोक्याची सावली चेंडूवर पडली. तो ओरडला, "बघा सर, पडली की सावली! म्या म्हणलं नव्हतं?" डोकं म्हणजे पृथ्वी असं आधी सांगितलेलं. प्रयोगानं चुकीच्या समजुतीला पुरावाच दिला. चेंडू डोक्याहून उंच धरा, असं सांगून सरांनी सावरलं, पण पोरांना ती पळवाट वाटली. उंच का धरायचा? याचं उत्तर असं की चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. ते सांगायला आणखी एक तास लागला. दोन कक्षा जिथं छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पंचांगातले राहू आणि केतू. हे ऐकून आजीचे नऊ ग्रह आणि पुस्तकातले आठ यांचा घोळ काही जणांचा आपोआप सुटला.

मग मॅडमनी उन्हाचा मार्ग सुचवला. शनिवारी सकाळची शाळा. दसरा-दिवाळीच्या मध्ये आभाळ निवळलेलं. कॅलेंडरमध्ये बघून कृष्ण सप्तमी-अष्टमीला लागून येणारा शनिवार धरला. पावणेआठला सूर्य पूर्वेला बराच वर आलेला आणि चंद्र डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे कललेला, फिकट, अर्धा. पोरांपैकी निम्म्यांना दिवसा चंद्र दिसतो हेच नवीन होतं.

टेनिस बॉल चुन्यात बुडवून वाळवला होता. एका मुलीनं तो हात ताणून चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरला. बॉलवर उजव्या-डाव्या बाजूचं ऊन-सावलीचं जेवढं वाटप, तेवढंच बरोबर चंद्रावर. उजळलेली बाजू सूर्याकडे, दोघांचीही. "बॉलवर कुणाची सावली पडलीय?" सरांनी विचारलं. तिनं बॉल फिरवून पाहिला. "कुणाचीच न्हाई. मागल्या अंगाला ऊन लागंना झालंय, बस."

पृथ्वीची सावली त्या वेळी कुठं असेल, हा पुढचा प्रश्न. आपली सावली पश्चिमेकडे पडलीय, मग पृथ्वीचीही तिकडेच, जमिनीखाली-क्षितिजाकडे. चंद्र तर डोक्यावर. सावली तिथं पोचणारच कशी? हे वाक्य सरांनी सांगितलं नाही, आठवीतल्या एका पोरानं मागून फेकलं.

तिसरा निर्णय: ऋतू

हा भाग थोडक्यात, कारण तो नीट जमला नाही. मैदानावर सुंभानं १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीनं आखलं आणि टरबूज मध्यापासून २५ सेंटिमीटर सरकवलं. पृथ्वीची खरी कक्षा इतकीच 'लंबगोल'. बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग विचारलं, येळवशीला थंडी असते का? असते. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, डिसेंबर-जानेवारीतली. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४.७१ कोटी किमीवर. सर्वांत लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२१ कोटींवर. वर्ग गप्प. जुनं उत्तर मोडलं, पण त्या जागी नवं बसलं नाही. त्यासाठी सावल्या लागतात. आपल्या भागात मीटरभर काठीची भर दुपारची सावली येळवशीच्या सुमारास ८८ सेंटिमीटर असते आणि १३ मेच्या आसपास शून्य होते. त्या शून्य सावलीच्या दिवशी शाळेला सुट्टी असते. दुसऱ्यांदा ती जुलैअखेर येते, तेव्हा ऊनच नसतं.

निष्पत्ती

सत्राच्या शेवटी तेच तीन प्रश्न तोंडी विचारले. अंतराबाबत वर्ग पक्का झाला होता; आता पृथ्वीगोल दाखवला की पोरं न सांगता दाराकडे चालू लागतात. चंद्राबाबत बहुतेकांचं उत्तर सुधारलं, काही जण लिहिताना पुन्हा सावलीवर गेले. ऋतूंचं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं तिथंच राहिलं. आणि एक नवी चूक जन्माला आली: काही आकृत्यांत गुरू ते नेपच्यून एका सरळ रेषेत, रस्त्याच्या कडेला उभे असल्यासारखे.

सगळ्यात अवघड प्रसंग परीक्षेत आला. 'सूर्यमालेची आकृती काढा' या प्रश्नाला एका मुलीनं डाव्या कोपऱ्यात एक ठिपका काढला, बाकी पान जवळजवळ कोरं सोडलं आणि खाली लिहिलं: बाकीचे ग्रह पानावर दिसणार नाहीत. तपासणी दुसऱ्या शिक्षकांकडे होती. त्यांनी शून्य दिलं. वडील शाळेत आले. तिचं उत्तर पुस्तकातल्या आकृतीपेक्षा खरं होतं, आणि तरी नमुना उत्तराला धरून नव्हतं. सरांनी मध्यम मार्ग काढला: पुस्तकातली आकृती काढायची आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत 'आकार व अंतरे प्रमाणात नाहीत' असं लिहायचं. मुलीचे गुण फेरतपासणीत वाढले, पूर्ण मिळाले नाहीत. वडिलांचं समाधान झालं नाही, आणि माझंही अर्धवटच झालं.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलावा लागेल. टरबुजाचं मॉडेल दिमाखदार असल्यामुळं ते आधी झालं. पण चंद्र आधी हवा. तो डोळ्यांना दिसतो, रोज बदलतो, आणि संकष्टीमुळं त्याच्या उगवण्याच्या वेळा घराघरात माहीत असतात. सहावीचा शेवटचा धडा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढून सातवीच्या भूगोलासोबत घेता येतो. वार्षिक नियोजन जूनमध्ये होतं, तेव्हाच दोन शिक्षक शेजारी बसले तर हे पाच मिनिटांचं काम आहे. या शाळेत ते अर्धं वर्ष गेल्यावर सुचलं.

बाहेरचे चार ग्रह चार वेगळ्या वाटांनी न्यायचे. नेपच्यून शेताच्या बांधावर गेला तरी चालेल, फक्त गुरूच्या मागं त्याच रस्त्यावर नको. अंधाऱ्या खोलीतला बल्ब-चेंडू उन्हातल्या बॉलनंतर घ्यायचा, आधी नाही. सावलीची काठी दिवाळीनंतर रोवायची आणि होळीपर्यंत आठवड्यातून एकदा मोजायची. शून्य सावली हाती लागली नाही तरी ८८ सेंटिमीटरवरून ती कशी आखडत येते हे दिसतं. मेमधली नोंद गावातच राहणाऱ्या दोन पोरांवर सोपवलीय.

प्रश्नपत्रिकेतही बदल झालाय. आकृतीचा जुना प्रश्न मॅडमनी काढला आणि त्या जागी घातलेला असा आहे: 'संकष्टीच्या रात्री चंद्र उशिरा उगवतो. त्या वेळी सूर्य कुठे असेल आणि चंद्राची कोणती बाजू उजळलेली असेल, ते आकृतीने दाखवा.' हा प्रश्न गाईडमध्ये नाही. पालक विचारायला आलेच तर त्यांच्याशी मुख्याध्यापकांनी स्वतः बोलायचं ठरलंय.